ऊन मोजायचा गोळा

छपरावर लोखंडी बैठकीत काचेचा एक गोळा आहे,
मोठ्या मोसंब्याएवढा.
त्याच्या पाठीशी निळ्या पुठ्ठ्याची पट्टी सरकवायची.
ऊन पडलं की गोळा ते एका टिंबात आणतो
आणि पट्टी करपत जाते.
करपलेलं मोजायचं. तेवढं ऊन.

एप्रिलच्या चोवीस तारखेला मीच त्याला गोणपाटात गुंडाळलं.
मग वहीच्या त्या रकान्यात
एकशे चौदा शून्यं, एकाखाली एक,
काही घाईत काढलेली, काही फारच गोल.

ऑगस्ट उजाडला असं आपण म्हणतो.
उजाडलं काही नव्हतं.
भर दुपारी उत्तरेला तांबडं फुटायचं
आणि फुटल्या जागीच विझायचं.
पहाटेच्या पदराला संध्याकाळ बांधलेली, मधे दिवस नाही.

तेवढ्या उजेडानेही आधी उणीदुणीच काढली.
टाकीवरचे तेलाचे ओघळ,
एव्हारिस्तोच्या दाढीत पांढरं किती झालंय ते,
बोळातल्या पत्र्यावर कोणाच्या तरी मुठीची पोचट खूण.
जूनमधली असावी. विचारलं कोणी नाही.

आणि उजेड चढला तसा पारा उतरला.
उणे एकतीस. उणे अडतीस.
पंधरा तारखेला उणे त्रेचाळीस.
एव्हारिस्तो पीठ मळता मळता म्हणाला, हा कसला वसंत?
नेलिदा म्हणाली, जमेपेक्षा खर्च जास्त आहे अजून.
बर्फ रोज आकाशाचं देणं फेडतंय.

सतरा तारखेला अकरांतले दहा जण छपरावर.
इलारिओ खाली. दोन नंबरचं जनित्र खोकत होतं.
सूर्य आला तो चपटा, चौकोनी,
दाराच्या फटीतून आत सरकवलेल्या पाकिटासारखा.
नऊ मिनिटं.
कोणी ओरडलं नाही.
मातेचा तुंबा या हातातून त्या हातात जाईतो गोठला.
इरुपेला आपली सावली दिसली,
कठड्यावरून पार खाली गेलेली,
आणि ती बाजूला झाली, तिला वाट दिल्यासारखी.

हा तो नव्हे, नेलिदा म्हणाली.
तो अजून खालीच आहे. परवा यायचाय.
थंड हवेने वाकवून दाखवलाय नुसता.

पट्टी काढली. कोरी.
नियम असा की करपलं नाही तर ऊन नाही.
लिहिलं : शून्य. एकशे पंधरावं.

इलारिओ हात पुसत वर आला तेव्हा आटोपलं होतं.
कसा होता?
सगळे बर्फाकडे बघत राहिले.
चौकोनी, एव्हारिस्तो म्हणाला.
थट्टा वाटली त्याला. रात्री जेवताना बोलला नाही.

मग नऊ दिवस वारा.
दारापासून फुगेघरापर्यंतचा दोर धरून जायचं,
फुगा सोडायचा, तो डोक्यावरच फाटायचा,
दोर धरून परत.
मग चार दिवस ढग, मळक्या लोकरीसारखे.
इलारिओने दोन्ही जनित्रं उघडून पुन्हा बसवली. गरज नव्हती.

एक सप्टेंबरला आभाळ धुतलेल्या ताटासारखं.
मी खाली गेलो, म्हटलं, इथे मी उभा राहतो.
काटा कोणत्या खुणेखाली जाऊ द्यायचा नाही ते दाखवून
तो जिना चढला.

बराच वेळ झाला.
यंत्राच्या आवाजात वेळ कळत नाही, बूट थरथरतात तेवढंच.

आला तेव्हा हातात पट्टी होती.
सूर्यास्ताआधी ती काढायची नसते, त्याला कुठे माहीत.
तपकिरी टिंब, मोहरीएवढं.
वास घे, म्हणाला.
घेतला.
जळक्या पुठ्ठ्याचाच वास. दोघांनी आळीपाळीने पुन्हा घेतला.

शून्य पूर्णांक एक तास.
जानेवारीत जहाज येईल, पट्ट्यांचा गठ्ठा जाईल,
दूरच्या कचेरीत कोणी भिंग धरून बसेल.
टिंबाशेजारी तेलकट अंगठा उमटलाय.
पुसून पाहिला. पसरला.
तसाच ठेवला.